वाचक विचारतात : वसईचा दुभाषा, नागासाकीचा क्रूस

मागच्या अंकात वसईच्या किल्ल्यावरील लेखात संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव एका ओळीत येऊन गेले. वसईत जन्मलेले हे दुभाषे १५९७ साली जपानमधल्या नागासाकीत सोबत्यांसह क्रुसावर मारले गेले. त्या एका ओळीवर रामबाग, सुदामानगर, महू आणि देवासहून पत्रे आली. इंदुरात २०१७ साली सिस्टर राणी मारिया यांना ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित करण्याच्या सोहळ्याची आठवणही काहींनी काढली आहे. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे देत आहोत.

प्रश्न : वसईला एका लग्नाला गेलो होतो. तिथे एका कॉलेजच्या पाटीवर ‘संत गोन्सालो गार्सिया’ असे नाव वाचले. हे गृहस्थ पोर्तुगीज की आपल्याकडचे? आणि वसईचा माणूस त्या काळात जपानला पोचला कसा? (रामबाग)

वडील पोर्तुगीज सैनिक, आई वसईचीच. जन्म १५५६ किंवा १५५७ चा. वसई १५३४ च्या तहाने पोर्तुगिजांकडे आली होती आणि चिमाजीअप्पांनी ती जिंकली १७३९ साली. म्हणजे गोन्सालोचे बालपण गेले ते किल्ल्याच्या भरभराटीच्या काळात. तिथल्या जेझुइटांच्या, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाच्या, शाळेत तो शिकला. जपानशी त्याचे नाते जुळले ते याच शाळेमुळे. जेझुइट धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर १५४९ साली जपानच्या कागोशिमा बंदरात उतरल्यापासून जेझुइटांचे तिकडे जाणेयेणे सुरू होते. गोन्सालो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १५७२ च्या सुमारास, आपल्या शिक्षकांसोबत जहाजावर चढला.

जपानात त्याने आठेक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. नव्याने आलेल्यांना प्रार्थना शिकवायच्या, फादरांचे प्रवचन लोकांना समजावून सांगायचे, आजाऱ्यांकडे जायचे. यात तो जपानी शिकला, आणि नुसती बाजारापुरती नव्हे. जपानीत समोरच्याच्या दर्जानुसार क्रियापदच बदलते. आपल्या तू-तुम्ही-आपणपेक्षा ते पुष्कळ किचकट आहे. वयात येता येता ती भाषा कानावर पडली, म्हणून ती त्याच्या जिभेवर बसली. पुढच्या सगळ्या आयुष्याची किल्ली हीच आहे.

जेझुइट संघात प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा होती. तो मिळाला नाही. मग त्याने व्यापार धरला आणि त्यात जमही बसवला. त्यानंतर धंदा सोडून तो फिलिपिन्समधल्या मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन या दुसऱ्या कॅथलिक संघात ‘ब्रदर’ म्हणून दाखल झाला.

एक चूक मराठी लेखनात सारखी दिसते : ‘फादर गोन्सालो’. तो फादर नव्हता. ब्रदर म्हणजे व्रते घेतलेला, संघाचा झगा घातलेला, पण पुरोहितपदाची दीक्षा न झालेला माणूस. तो मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) अर्पण करत नाही, पापनिवेदन ऐकत नाही. स्वयंपाक, दवाखाना, भिक्षा, भाषांतर ही त्याची कामे. गोन्सालोला संत मानले गेले ते या कामांतल्या माणसाला, हे त्याच्याबद्दल लिहिताना विसरू नये.

प्रश्न : त्यांना धर्मासाठी मारले की राजकारणासाठी? आमच्या वाचनकट्ट्यावर यावरून दोन तट पडले. एकाचे म्हणणे, परके लोक हेरगिरी करत होते म्हणून मारले. मग ‘रक्तसाक्षी’ हा शब्द योग्य आहे का? (सुदामानगर)

दोन्ही तटांकडे अर्धा अर्धा धागा आहे. क्रम नीट लावला की गाठ सुटते.

जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम काढला होता. पण तो राबवला मात्र नाही, कारण मकाऊ या चीनच्या किनाऱ्यावरच्या पोर्तुगीज ठाण्याहून येणारे चिनी रेशीम पोर्तुगीज जहाजांतून यायचे आणि त्या व्यवहारात जेझुइट मध्यस्थ असत. जेझुइटांनीही खूण ओळखली. उघड प्रवचने बंद केली, साध्या वेशात राहू लागले. ‘हुकूम आहे, पण कुणी बोलत नाही’ अशी ती दहा वर्षे होती.

याच सुमारास हिदेयोशीने फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरला मांडलिकी पत्करण्याचा निरोप धाडला. हे लांबणीवर टाकायला मनिलाहून वकिलाती गेल्या. पहिल्या वकिलातीचा प्रमुख परततानाच बुडाला. १५९३ साली दुसरी गेली, तिचे प्रमुख फ्रान्सिस्कन फादर पेद्रो बाउतिस्ता. त्यांना जपानी येत नव्हते. दुभाषा म्हणून सोबत गेला तो गोन्सालो. भेट झाली नागोया किल्ल्यात. हा नागोया म्हणजे आजचे मोठे औद्योगिक शहर नव्हे; क्युशू बेटावर, कोरियावरच्या स्वारीसाठी बांधलेला किल्ला. नकाशावर हे दोन नागोया हमखास एक होतात आणि मग सगळा प्रवासच चुकतो.

भेट बरी झाली. हिदेयोशीने फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहायला परवानगी दिली, जागाही दिली. १५९४ मध्ये तिथे चर्च उभे राहिले, शेजारी कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना. इथेच कळीचा मुद्दा येतो. हिदेयोशीच्या हिशेबी हे वकील, म्हणजे राजदूत होते, प्रचारक नव्हेत. फ्रान्सिस्कनांना वाटले, राहण्याच्या परवानगीतच सगळे आले. ते झगा घालून, घंटा वाजवून, उघड मिस्सा करू लागले. जेझुइटांच्या पोटात गोळा आला. शिवाय १५८५ साली पोपने जपानचे क्षेत्र फक्त जेझुइटांसाठी राखल्याचा कागद त्यांच्याकडे होता. एका बाजूला पोर्तुगीज आश्रयाचे जेझुइट, दुसऱ्या बाजूला स्पॅनिश आश्रयाचे फ्रान्सिस्कन. राजा दोन्ही देशांचा तेव्हा एकच, तरी चुरस गेली नाही. या आपसातल्या चुरशीवर पांघरूण घालून गोन्सालोचे चरित्र सांगणे आम्हाला पटत नाही. माणसे या चुरशीसकट मोठी होती.

मग १५९६ चे साल. सप्टेंबरात मोठ्या भूकंपाने फुशिमीचा हिदेयोशीचा किल्ला पाडला. कोरियाची स्वारी पैसा खात होतीच. ऑक्टोबरात मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ हे मालाने गच्च भरलेले स्पॅनिश जहाज वादळांत भरकटून शिकोकू बेटावरच्या तोसा प्रांतात लागले. हिदेयोशीच्या अधिकाऱ्याने माल जप्त केला. जहाजाच्या सुकाणूदाराने दरारा बसवायला नकाशा पसरून स्पेनचे साम्राज्य दाखवले आणि आधी धर्मगुरू जातात, मग फौज जाते असे काहीसे तो बोलून गेला, असे सांगतात. त्याचे नेमके शब्द काय होते यावर स्पॅनिश आणि पोर्तुगीज बाजू पुढे कित्येक वर्षे भांडत राहिल्या. पण माल पचवायला हिदेयोशीला कारण हवे होते, आणि ते मिळाले.

डिसेंबर १५९६ मध्ये क्योतो आणि ओसाकातल्या घरांभोवती पहारे बसले. जहाजाचा खलाशी किंवा कप्तान यांपैकी कुणाला क्रुसावर दिले नाही. दिले ते प्रचारकांना आणि त्यांच्यासोबतच्या जपानी ख्रिस्ती माणसांना : स्वयंपाकी, सुतार, दवाखान्यातले मदतनीस, तीन मुलगे. शिक्षेच्या फलकावर कारण लिहिले होते ते हे की, वकील म्हणून आले आणि बंदी घातलेला धर्म शिकवत राहिले. हेरगिरीचा आरोप खरा धरला तर बारा वर्षांच्या लुईस इबाराकीला का मारले, याचे उत्तर मिळत नाही. त्या मुलाला वाटेत अधिकाऱ्याने सांगितले होते, धर्म सोड, तुझा जीव वाचवतो. त्याने नकार दिला.

चर्चच्या दृष्टीने रक्तसाक्षी ठरायला दोन गोष्टी लागतात. मारणाऱ्याच्या मनात त्या श्रद्धेचा द्वेष असला पाहिजे, निदान हुकुमात ते कारण दिसले पाहिजे. आणि मरणाऱ्याने ते मरण श्रद्धेपोटी स्वीकारलेले असले पाहिजे. मारणाऱ्याला राजकीय फायदा झाला म्हणून यांतली कुठलीच गोष्ट रद्द होत नाही. म्हणून शब्द योग्य आहे. ‘हुतात्मा’ही चालेल, पण मराठी ख्रिस्ती लेखनात ‘रक्तसाक्षी’ रुळला आहे आणि तो जास्त नेमका आहे : रक्त देऊन दिलेली साक्ष.

प्रश्न : आमचा हौशी नाट्यगट या विषयावर एकांकिका बसवतो आहे. क्रुसाचा प्रसंग कसा दाखवावा? खिळे, काट्यांचा मुकुट वगैरे घ्यावे का? (लोकमान्यनगर)

खिळे नकोत, मुकुटही नको. बहुतेक जुन्या चित्रांत हीच चूक आहे, कारण चित्रकारांनी येशूचा क्रूस डोळ्यांपुढे ठेवला.

जपानी क्रुसाला एक उभा खांब, हातांसाठी आडवी पट्टी, पायांसाठी खाली दुसरी आडवी पट्टी आणि मधोमध पुढे आलेली खुंटी असे. माणूस त्या खुंटीवर बसल्यासारखा टेके. मनगटे, घोटे, गळा हे लोखंडी कड्यांनी आणि दोरांनी आवळत. क्रूस आधी जमिनीवर आडवा ठेवून माणसाला बांधत, मग सगळा उचलून खड्ड्यात उभा करत. मरण येई ते भाल्यांनी. दोन बाजूंना दोघे उभे राहून बरगडीखालून खांद्याच्या दिशेने तिरका भाला मारत. क्षणांचे काम. गोन्सालोला सगळ्यांत आधी क्रुसावर चढवले, अशी परंपरा आहे.

रंगमंचावर हे करताना वजनाचा विचार पहिला. नटाचा भार पायपट्टी आणि खुंटीवर पडला पाहिजे, मनगटांवर कधीच नाही. हातांवर लोंबकळलेल्या माणसाची छाती ताणली जाते आणि श्वास अडतो. पायपट्टी मागच्या चौकटीला बोल्टने पक्की करा, नुसते खिळे ठोकून भागत नाही. दोर मनगटाभोवती दोन वेढे देऊन टोक नटाच्याच मुठीत द्या, म्हणजे तो स्वतः सोडवू शकेल. सरकगाठ टाळा. नटाला चार मिनिटांहून जास्त वर ठेवू नका. खरे तर क्रूस मागच्या पडद्यावर सावलीत दाखवून माणसे पुढे उभी केली तर प्रसंग जास्त भिडेल.

आकडे असे : एकूण २६. सहा फ्रान्सिस्कन, तीन जेझुइट, १७ जपानी प्रापंचिक. पकडलेले आधी २४ होते. दोघे वाटेत मदत करत चालले होते, त्यांनाही धरले. इतकी माणसे गटात नसतील तर संख्या कमी करून ‘सव्वीस’ हा आकडा संवादात आणा. अर्धवट गर्दी उभी केली की प्रेक्षक मोजत बसतात.

नाट्याला लागणारे प्रसंग शोधून आणावे लागणार नाहीत. यादीत मत्तियास नावाचा एक स्वयंपाकी होता. शिपाई आले तेव्हा तो घरात नव्हता. त्यांनी नाव पुकारले, तर शेजारचा एक माणूस पुढे आला : माझेही नाव मत्तियास आहे. त्यालाच नेले. दुसरा प्रसंग क्योतोचा. हुकूम नाक-कान कापण्याचा होता; अधिकारी इशिदा मित्सुनारी याने तो डाव्या कानाच्या एका तुकड्यापुरता आणला. तारीख ३ जानेवारी १५९७. मग एकेका बैलगाडीत तिघे, अशा आठ गाड्यांतून त्यांची धिंड काढली. रंगभूषेत लक्षात ठेवा, कान डावा, आणि पूर्ण कापलेला नाही.

पुढे क्योतो-ओसाकाहून नागासाकीपर्यंत सुमारे ८०० किलोमीटर, ऐन हिवाळ्यात, बहुतेक पायी. इंदूर ते मुंबईचे अंतर धरा आणि त्यात आणखी दोनशे किलोमीटर मिळवा. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या तोंडाशी निघाले आणि ५ फेब्रुवारीला पोचले, म्हणजे रोज पंचवीस-तीस किलोमीटर. वाटेत मिहारा इथे १४ वर्षांच्या तोमास कोझाकीने आईला पत्र लिहिले. ते पुढे त्याच्या वडिलांच्या अंगावर, रक्ताने माखलेले सापडले. बापलेक दोघेही २६ जणांत होते. या पत्रावर एकांकिका उभी राहू शकते. गोन्सालोला मात्र भाषण देऊ नका. क्रुसावरून प्रवचन केले ते पॉल मिकी या जपानी जेझुइटाने. गोन्सालोचे काम दुसऱ्यांचे बोलणे पोचवण्याचे होते. हिदेयोशीच्या भेटीचा प्रसंग घ्या, दोन सत्तांच्या मधे उभा राहून प्रत्येक शब्द तोलणारा चाळिशीच्या आसपासचा माणूस दाखवा. आमच्या मते त्याचे खरे नाट्य तिथे आहे.

प्रश्न : सण ५ फेब्रुवारीला की ६ ला? आणि एका पुस्तकात मृत्यूचे साल १५९६ दिले आहे. (महू)

मृत्यू ५ फेब्रुवारी १५९७. पण ५ फेब्रुवारीला आधीपासून संत आगाथा यांचा सण आहे, म्हणून चर्चच्या आजच्या दिनदर्शिकेत या सव्वीस जणांचा दिवस ६ फेब्रुवारी धरतात. त्या दिवशी मिस्सेचा झगा लाल असतो. रक्तसाक्षींसाठी तोच रंग.

१५९६ ची चूक पंचांगाची आहे. जपानी तिथी केइचो या कालगणनेचे वर्ष पहिले, बारावा महिना, १९ वा दिवस. हा महिना अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे आपल्या मोजणीने वद्य चतुर्थीच्या आसपास. जपानी वर्ष तेव्हा फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत चालले. ‘केइचो पहिले म्हणजे १५९६’ असे ढोबळ रूपांतर केले की बारावा महिनाही १५९६ मध्ये ढकलला जातो. शके-इसवी बदलताना पौष-माघात आपल्याकडेही असेच वर्ष निसटते.

प्रश्न : पहिल्या भारतीय संत सिस्टर अल्फोन्सा, असे वाचले होते. मग गोन्सालो? (विजयनगर)

अल्फोन्सा या पहिल्या भारतीय स्त्री संत. त्यांना संतपद मिळाले १२ ऑक्टोबर २००८ रोजी. गोन्सालो गार्सिया भारतात जन्मलेले पहिले संत. त्यांना ते ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी दिले. ‘स्त्री’ हा शब्द मथळ्यांतून गळला आणि गोंधळ झाला.

प्रश्न : सिस्टर राणी मारियांना संत म्हणायचे का? त्यांच्यासाठी चमत्कार सिद्ध करावा लागला होता का? (देवास)

अजून ‘धन्य’ म्हणायचे. पायऱ्या अशा : चौकशी सुरू झाली की ‘देवाचा सेवक’ किंवा ‘सेविका’, मग ‘धन्य’, शेवटी ‘संत’. जी व्यक्ती रक्तसाक्षी नाही तिच्या बाबतीत मधे ‘पूज्य’ ही पायरी येते आणि ‘धन्य’ होण्यासाठी एक चमत्कार सिद्ध करावा लागतो. रक्तसाक्षी ठरलेल्याला ‘धन्य’साठी चमत्कार लागत नाही, पुढे संतपदासाठी मात्र सहसा लागतो. चौकशी सहसा मृत्यूनंतर निदान पाच वर्षे उलटल्यावर सुरू होते. साक्षीदारांचे जबाब, पत्रे, कागद आधी धर्मप्रांतात गोळा करतात, मग ते रोमला जातात. घाई चालत नाही. गोन्सालो आणि सोबत्यांना ‘धन्य’ ठरवले १६२७ मध्ये आणि ‘संत’ २३५ वर्षांनी.

राणी मारियांचा जन्म २९ जानेवारी १९५४ चा, केरळातल्या पुल्लुवळीचा. फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या त्या सिस्टर. बिजनौर आणि सतनाकडे काम करून १९९२ मध्ये देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला आल्या. आदिवासी शेतमजुरांचे बचतगट बांधले, सावकाराच्या कर्जातून बाहेर पडायला आणि सरकारी योजनांचे अर्ज भरायला शिकवले. ज्यांची मिळकत या कर्जांवर चालायची त्यांना हे खुपले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी उदयनगरहून इंदूरकडे येणाऱ्या बसमध्ये, चिथावून पाठवलेल्या एका माणसाने त्यांच्यावर सुऱ्याचे वार केले. अंगावर ५४ जखमा होत्या. पुढे त्यांच्या धाकट्या बहिणीने, त्याही सिस्टर आहेत, तुरुंगात जाऊन त्या माणसाला राखी बांधली. इंदुरातल्या सोहळ्यात, ४ नोव्हेंबर २०१७ रोजी, त्या ‘धन्य’ झाल्या. त्यांचे अवशेष उदयनगरच्या चर्चमध्ये आहेत.

दोघांच्या मधे चारशे वर्षे आहेत, पण प्रश्न तोच आला, सुदामानगरच्या पत्रातला : मारले ते श्रद्धेसाठी की पैशासाठी? निकषही तेच लागले. मारेकऱ्यांचा हेतू मिश्र असू शकतो. मारल्या गेलेल्यांनी आपले काम कुठल्या श्रद्धेतून केले आणि धोका कळूनही सोडले नाही, हे साक्षींतून पाहिले गेले.

प्रश्न : इंदूरहून वसईला जाऊन गोन्सालोशी संबंधित काय पाहता येईल? (सुदामानगर)

अवंतिका एक्सप्रेसने बोरिवलीला उतरा, तिथून विरारच्या दिशेची लोकल घेऊन वसई रोड. गाडी सकाळी पोचत असल्याने उलट दिशेच्या लोकलला गर्दी कमी असते. स्टेशनच्या पश्चिमेकडून किल्ल्याकडे बस आणि रिक्षा मिळतात. किल्ल्याच्या आत खाण्यापिण्याची सोय धरून चालू नका, पाणी सोबत घ्या. पावसाळ्यात शेवाळाने दगड निसरडे होतात आणि झाडोऱ्यात वाट हरवते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगला. जेझुइटांच्या पडक्या चर्चचा दर्शनी भाग आजही उभा आहे, त्याच्या कमानीखाली थोडे थांबा. गोन्सालोचे शिक्षण झाले ते याच जेझुइटांकडे. फ्रान्सिस्कन चर्चचे अवशेषही याच तटबंदीत आहेत, आणि त्यांच्या फरशीत पोर्तुगीज अक्षरांच्या कबरशिळा दिसतात. त्यांवर पाय देऊ नका, अक्षरे झिजत चालली आहेत. वेळ असेल तर नालासोपारा पश्चिमेकडच्या गास गावात जा. तिथले चर्च गोन्सालोच्या नावाचे आहे. रविवारी सकाळी गेलात तर मिस्सा मराठीत ऐकायला मिळेल.